सहा ग्लास, पाच बाटल्या आणि चंचीचा वास : जुनी कॅबर्ने शेजारी-शेजारी ठेवून कशी चाखावी

ज्या शनिवारी आमच्याकडे जुन्या वाइनची तुलना असते, त्या दिवशी सकाळपासून घरात फोडणी बंद. सासूबाईंना आता सवय झाली आहे. मारुतीपुढची उदबत्ती त्या दिवशी त्या मागच्या अंगणात तुळशीजवळ लावतात. याला कारण आहे. पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा आठ माणसांनी सहाही ग्लासांपुढे 'चंदन' असं लिहिलं होतं. मी हरखले, कारण मुरलेल्या कॅबर्नेत, म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या रेड वाइनमध्ये, देवदाराचा, जुन्या लाकडी पेटीचा वास येतो असं सगळीकडे वाचलं होतं. शेवटी धाकट्या जावेने न बोलता देवघराकडे बोट दाखवलं. अर्ध्या जळलेल्या दोन काड्या, म्हैसूर सँडल!

म्हणून बाटलीच्या आधी खोली. गजरा नको, अत्तर नको, हाताला सुवासिक साबण नको. ग्लास धुऊन पालथे घालून ठेवले असतील तरी एकदा रिकामा ग्लास नाकाशी धरून पाहा. आमचे ग्लास गोडा मसाल्याच्या डब्याच्या कपाटात असायचे, आणि वर्षभर मला कुठलीही रेड वाइन दगडफुलाची लागायची. त्यात वाइनचा काही दोष नव्हता.

मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते. सत्तावीस वर्षं चिप तपासण्याच्या कामात गेली, त्यामुळे कुणी 'हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, 'परत मोजलंत का?' माहेर पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, आण्णांची थॉमसनची बाग. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्यामध्येच आमचं बालपण गेलं. द्राक्ष म्हणजे लांबट, फुगीर, बिनबियांची. मणी जितका मोठा तितका भाव बरा. आण्णा इथे आले तेव्हा मी त्यांना क्युपर्टिनोच्या मागच्या डोंगरावर माँटे बेलो रस्त्याने वर नेलं होतं. कॅबर्नेचा घड हातात घेऊन त्यांनी एक मणी दाबला, दोन बिया बाहेर आल्या. म्हणाले, "एवढुसे मणी? व्यापारी बांधावरूनच माघारी जाईल, ताई."

पण सगळी गंमत त्या एवढुशा मण्यात आहे. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बी जास्त. वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बी दोन्हींतून. कॅबर्ने सोव्हिन्याँ हे कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं आपसूक झालेलं पोर, हे डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून १९९७ साली छापलं. आईबाप कुणीही असोत, तुरटपणाचं एवढं भांडवल थोड्याच जातींकडे असतं, आणि त्याच भांडवलावर ही वाइन वीस-तीस वर्षं काढते. सालीतला रंग आणि तुरट द्रव्यं हळूहळू एकमेकांना चिकटतात, मोठी होतात, जड झालेली तळाशी बसतात. वरची वाइन फिकी आणि मऊ होत जाते. फळाचा ताजा वास मागे पडतो आणि दुसरंच काही पुढे येतं.

ते 'दुसरं काही' काय, याचं नाव मला आण्णांनी दिलं. आण्णा माळकरी, त्यांनी थेंबही घेतला नाही. पण एकदा मी जुनी बाटली उघडली असताना ग्लास त्यांच्या नाकापाशी नेला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ही तर आज्याची चंची." तंबाखू, कात, सुपारी, एखादी लवंग आणि वर्षानुवर्षं कमरेला घामात मळलेलं कापड. इंग्रजी पुस्तकांत याला सिगारच्या डब्याचा वास म्हणतात. सिगारचा डबा मी आयुष्यात उघडलेला नाही. चंची उघडली आहे. तेव्हापासून आमच्या मंडळींत मुरलेल्या कॅबर्नेच्या वासाला चंचीच म्हणतात, आणि आमची तेलुगू शेजारीणसुद्धा कागदावर 'चंची – ३' असं लिहिते.

बाटल्या निवडताना

एकटी बाटली उघडली तर तुम्हाला ती आवडली की नाही एवढंच कळेल. शेजारी दुसरी हवी, आणि दोघींत एकच गोष्ट वेगळी हवी. चार गोष्टी वेगळ्या असतील तर फरक कशाने पडला ते कोण सांगणार?

एकाच घरची, म्हणजे एकाच वायनरीची, एकाच बागेची वाइन वेगवेगळ्या सालांची लावली तर ती उभी तुलना. तिच्यात हवामान दिसतं. एकाच सालच्या वेगवेगळ्या घरच्या लावल्या तर आडवी. तिच्यात जमीन आणि करणाऱ्याचा हात दिसतो. सुरुवात उभीने करा असं मी सांगेन, तीही दोनच बाटल्यांची. नापा या कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या खोऱ्यातलं १९९७ हे साल उबदार, भरघोस, आणि तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढचं १९९८ एल निन्योचं, थंड आणि रखडलेलं, समीक्षकांनी नाक मुरडलेलं. एकाच घरच्या या दोन सालांच्या बाटल्या आम्ही कागदी पिशव्यांत झाकून लावल्या. आठांपैकी पाच जणांनी अठ्ठ्याण्णव वर ठेवलं. सत्त्याण्णव गोड, काळ्या मनुकांसारखं, पण घशात गरम. अठ्ठ्याण्णवला ढोबळी मिरचीचा हलका वास आणि जिभेखाली पाणी सुटेल असा आंबटपणा. ढोबळी मिरची हा कॅबर्नेचा जन्मजात वास आहे. घडांवर ऊन पडलं, द्राक्ष पुरतं पिकलं की तो कमी होतो. थंड वर्षी मागे उरतो. काहींना तो दोष वाटतो. मला थोडा असलेला आवडतो, जास्त झाला की भाजी चिरल्यासारखं वाटतं.

आडवीसाठी २००१ सारखं साल नाही. जवळजवळ सगळ्यांचं चांगलं उतरलेलं, आणि आता पुरतं मुरलेलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही लावलेल्या पाच बाटल्या सांगते, कारण त्या का निवडल्या हे समजलं की तुम्हाला तुमच्या निवडता येतील.

पहिली रिजची माँटे बेलो. ही नापाची नव्हेच. आमच्या घरून दिसतो त्या सांताक्रूझ डोंगराची. १९५९ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी तो मळा विकत घेतला, म्हणजे या खोऱ्यातल्या इंजिनिअरांचा हा नाद जुना आहे. उंची अडीच हजार फुटांच्या आसपास, खाली चुनखडी, आणि पिंपं बहुतेक अमेरिकन ओकची. त्या ओकचा वास मला सुक्या खोबऱ्यासारखा लागतो. दुसरी डन, हॉवेल माउंटनची. तो भाग चौदाशे फुटांच्या वर, नापाचं धुकं जिथे पोचत नाही तिथला. तुरटपणा असा की वीस वर्षांनीही आवळा चावल्यागत. तिसरी हाइट्झची मार्थाज व्हिनयार्ड, ओकव्हिलची. हिच्यात पुदिना-निलगिरीचा वास येतो, आणि बागेच्या कडेला निलगिरीची झाडं आहेत. ऑस्ट्रेलियात केलेल्या अभ्यासात निलगिरीजवळच्या ओळींतल्या द्राक्षांत ते तेल जास्त सापडलं होतं, तेव्हा यात कवीकल्पना काही नाही. चौथी स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची एस.एल.व्ही. बाटली घेताना नाव नीट वाचा. जवळच जवळजवळ त्याच नावाचं दुसरं घर आहे, 'स्टॅग्ज लीप' इंग्रजीत लिहिताना फरक फक्त अपॉस्ट्रॉफीच्या जागेचा. पाचवी डायमंड क्रीकची व्होल्कॅनिक हिल. हे लोक आपल्या मळ्यातल्या वेगवेगळ्या मातीच्या तुकड्यांची वाइन वेगवेगळी भरतात. पैसे असतील तर एकाच सालचे त्यांचे तीन तुकडे शेजारी लावणं ही मातीवरची सगळ्यात चांगली शिकवणी आहे.

पैशाचं बोलायचं तर यातल्या काहींची नवी बाटलीसुद्धा दोनशे डॉलरच्या पुढे जाते. म्हणून आठ जण आणि भिशी. दर महिन्याला थोडे थोडे जमा करायचे, वर्षातून दोनदा उडवायचे.

जुनी बाटली विकत घेताना तीन गोष्टी पाहते. वाइनची पातळी मानेत आहे की खांद्याखाली घसरली आहे. बूच वर सरकलं आहे का. आवरणाखाली चिकट ओघळ आहे का. पातळी खांद्याच्या मध्यावर असेल तर कितीही स्वस्त मिळो, मी घेत नाही. शिवाय ती आजवर कुणाकडे, कुठे होती हे विचारते. खोट्या जुन्या वाइन विकल्याबद्दल रूडी कुर्निआवान नावाच्या माणसाला २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याची गिऱ्हाइकं अडाणी नव्हती.

आणि घरी आणल्यावर बारा-तेरा अंशांत, आडवी, अंधारात. गराजमध्ये नाही. मी ठेवल्या होत्या, सहा बाटल्या, 'कॅलिफोर्नियात कुठे ऊन लागतं' असं म्हणत. एका उन्हाळ्याने सहाही वाइन्सचा गुळांबा केला. पुण्या-नाशकात कुणी माळ्यावर ठेवत असेल तर आत्ता उठून काढा.

दोन दिवस आधी

बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वाइन गाळायची नाही, निथळून घ्यायची. ताकाची निवळ आपण जशी हलक्या हाताने काढतो तशी. बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा धरायचा, एका दमात ओतायचं, आणि खांद्यापाशी गाळाची काळी रेघ दिसली की थांबायचं. मध्ये बाटली सरळ करून पुन्हा तिरकी केलीत तर दोन दिवस फुकट.

वीस-पंचवीस वर्षांचं बूच भुसभुशीत झालेलं असतं. साधा मळसूत्री ओपनर लावला की अर्धं बूच हातात, अर्धं वाइनमध्ये. दोन पात्यांचा ओपनर येतो, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी काचेलगत सरकवून पिळत वर काढायचा. दुरँड नावाचं एक यंत्र मळसूत्र आणि दोन पाती एकत्र करतं; शंभर डॉलरच्या वर किंमत, पण चार बाटल्यांत वसूल होतं. तरीही तुकडे पडलेच तर बारीक गाळणी, आणि लाज वाटून घ्यायची नाही.

किती वेळ आधी ओतायचं यावर माणसं भांडतात. माझा ठोकताळा असा : दहा-पंधरा वर्षांची असेल तर दोन तास, पंचवीसच्या पुढची असेल तर फक्त गाळ वेगळा करण्यापुरतं, प्यायच्या अर्ध्या तासाआधी. म्हातारी वाइन हवेत आल्यावर पाऊण तास देखणी दिसते आणि मग बसते. डन मात्र याला अपवाद. तिला दोन तास दिले तरी ती म्हणते अजून थांबा.

तापमान सतरा अंशांच्या जवळपास. घरात बावीस-तेवीस असेल तर बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये. उबदार वाइनमध्ये दारूची वाफ आधी नाकात शिरते आणि बाकी सगळं झाकून टाकते.

उघडताक्षणी प्रत्येक बाटली कुणीतरी एकाने हुंगायची, दोषासाठी. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच लागलेली वाइन; ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचा पदार्थ त्याला कारण. तो थोडा असला तर वास येतही नाही, नुसतं फळ मुकं होतं, आणि मग लोक म्हणतात 'ही काही खास नाही'. नखपॉलिश काढायच्या पाण्याचा वास म्हणजे आंबायला लागलेली. बँडेजपट्टीचा, घोड्याच्या तबेल्याचा वास म्हणजे ब्रेट नावाच्या यीस्टचा उपद्व्याप. हा थोडा असला तर मला चालतो, नवऱ्याला अजिबात नाही. म्हणून राखीव एक बाटली ठेवतेच.

झाकणं, ओतणं, आणि सहावा ग्लास

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बाटल्या पाच असल्या तरी ग्लास सहा मांडायचे. एका बाटलीतली वाइन दोन ग्लासांत. कुठली, ते कुणालाच ठाऊक नसावं.

हिशेब सांगते. बाटली ७५० मिलीची, गाळ सोडून सातशे धरा. आठ माणसं, दोन ग्लास, प्रत्येकी चाळीस मिली म्हणजे ६४० मिली. बसतं. मग सगळ्याच ग्लासांत चाळीसच ओतायचं, खोकल्याच्या औषधाच्या मापाने. ग्लासातली पातळी पाहून कुणी अंदाज बांधू नये. बाकीच्या चार बाटल्यांत प्रत्येकी तीनशेहून जास्त मिली उरते, ती जेवणाला. ग्लास अठ्ठेचाळीस लागतात, म्हणून प्रत्येकाने आपले सारखे सहा घेऊन यायचं.

एक जण स्वयंपाकघरात बाटल्या एकसारख्या पिशव्यांत घालतो आणि अ, ब, क लावतो. तो बाहेर गेला की दुसरा आत येऊन त्यांनाच एक ते सहा आकडे देतो, एकीला दोन आकडे. दोघांचे कागद बंद पाकिटात. म्हणजे कुठल्या आकड्यामागे कुठली वाइन हे ओतणाऱ्यालाही माहीत नाही, ठेवणाऱ्यालाही नाही. चेहऱ्यावरून काही फुटत नाही.

जुळा ग्लास कशासाठी? वाइन नव्हे, तुम्हाला मोजण्यासाठी. रॉबर्ट हॉजसन नावाचे एक निवृत्त प्राध्यापक, स्वतः छोटी वायनरी चालवणारे. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ साली निकाल छापला : स्वतःशी ताळमेळ राखणारे परीक्षक दहांत जेमतेम एक. ते वाचल्यावर मी पहिला जुळा ग्लास लावला आणि स्वतः तोंडावर आपटले. एक ग्लास मी पहिल्या नंबरवर ठेवला होता आणि त्याचा जुळा पाचव्यावर, शेजारी 'कंटाळवाणी' असा शेरा मारून. नवऱ्याने दोन्ही लागोपाठ ठेवले होते आणि पुढचे सहा महिने त्याने मला ते ऐकवलं. तेव्हा मी त्याला सांगितलं की सहा ग्लासांत कुठल्याही दोन ग्लासांच्या जोड्या पंधरा, त्यांतल्या शेजारच्या जागांच्या पाच. म्हणजे नुसत्या नशिबानेही तिनांत एकदा हे जमतं. सलग दोन वेळा जमलं तर नवांत एक, तीन वेळा जमलं तर सत्तावीसांत एक. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा मी गप्प बसले.

अजून एक खोड मोडायची. सगळ्यांनी एक नंबरपासून सुरुवात करायची नाही. तुरटपणा जिभेवर साठत जातो. चौथा घोट घेईपर्यंत तोंड कात खाल्ल्यासारखं झालेलं असतं आणि पाचव्या वाइनवर अन्याय होतो. म्हणून पहिल्या माणसाने एकपासून, दुसऱ्याने दोनपासून, तिसऱ्याने तीनपासून. मध्ये पाणी आणि साधा पाव. चीज नको, चीज तुरटपणा गिळून टाकतं आणि सगळ्या वाइन शहाण्या वाटतात. चिवडा, चकली तर मुळीच नाही. मिरची आणि तुरटपणा एकत्र आले की वाइन नुसती भाजते.

डोळे, नाक, तोंड

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग पाहा, मधला नाही. तरुण कॅबर्नेची कड जांभळी. दहा वर्षांनी डाळिंबी. वीसनंतर वीट, मग कात. कड विटकरी आणि मध्य अजून गडद असेल तर वाइन धडधाकट आहे. सगळीच चहासारखी झाली असेल तर घाई करा, तिच्याकडे वेळ कमी आहे.

मग ग्लास न हलवता हुंगा. जुन्या वाइनचा सगळ्यात नाजूक वास या पहिल्या वेळीच येतो, आणि लोक सवयीने ग्लास गरगरा फिरवून तो उडवून लावतात. एक शब्द लिहा. मग फिरवा, पुन्हा हुंगा, दुसरा शब्द लिहा. वाक्यं नकोत.

शब्द तुमचे लिहा. कॅबर्नेबद्दल वाचाल तिथे 'ब्लॅक करंट' असतंच. आपल्याकडे त्या नावाचं आइस्क्रीम मिळतं, फळ कुणी पाहिलंय? अमेरिकेत तर पाइनच्या झाडांवर रोग पसरतो म्हणून १९११ पासून १९६६ पर्यंत त्याची लागवड केंद्र सरकारनेच बंद ठेवली होती, म्हणजे इथल्याही कित्येकांनी तो शब्द ऐकूनच लिहिला. मला तिथे पिकलेलं जांभूळ आणि करवंदाचं साल आठवतं. जांभूळ तर जास्तच बरोबर, कारण ते जीभ आवळतं. आमच्या कागदांवर येणारे काही शब्द : आमसूल, तुती, खारीक, पेन्सिलला टोक केल्यावरचा भुसा, तापलेला रिकामा लोखंडी तवा, पहिल्या पावसानंतरचं अंगण, बेदाण्याची शेड, जुन्या सातबाऱ्याचं बासन. शेवटचा शब्द एका वकीलबाईंचा, आणि खोलीतल्या सगळ्या मराठी माणसांना तो लगेच कळला.

आता तोंड. घोट घेऊन थोडी हवा आत ओढा, भुरका मारा. लहानपणी बशीतला चहा असा प्यायलो की पाठीत धपाटा मिळायचा. इथे तीच पद्धत. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो आणि अर्धी चव तिथे कळते. मग तीन प्रश्न विचारा. जिभेखाली पाणी सुटतंय का, म्हणजे आंबटपणा शाबूत आहे का? गिळताना घसा तापतोय का, म्हणजे दारू किती? सत्तरच्या दशकातल्या नापा वाइन साधारण साडेबारा-तेरा टक्क्यांच्या, हल्लीच्या सहज साडेचौदाच्या वर. आणि चौदाच्या वरच्या वाइनच्या लेबलवरचा आकडा एक टक्क्याने इकडेतिकडे असायला कायद्याची मुभा आहे, तेव्हा घशावर विश्वास ठेवा.

तिसरा प्रश्न तुरटपणाचा, आणि इथे मराठी माणसाला थोडी आघाडी आहे. तुरट हा आपल्या सहा रसांतला एक. त्याच्या छटा आपल्याला पोटभर पाठ आहेत. कच्च्या केळ्याचा चिकट तुरटपणा, आवळ्याचा जो पाणी प्यायल्यावर गोड होतो, सुपारीचा कोरडा, उकळून काळ्या झालेल्या चहाचा कडवट. चांगली मुरलेली कॅबर्ने आवळ्याच्या जातीची असते : आवळते आणि मग सोडते, मागे गोडवा ठेवते. सुपारीसारखी कोरडी राहिली आणि फळ संपलेलं असेल तर ती वाइन मुरली नाही, नुसती म्हातारी झाली. यापुढे ठेवून काही सुधारणार नाही.

घोट थुंकायचा. माझ्याकडे आजेसासूबाईंची पितळी पिकदाणी आहे, ती मधोमध ठेवते. पाहुणे आधी हसतात, मग रांग लावतात. सहा ग्लास पूर्ण प्यायलात तर बाटलीचा एक तृतीयांश झाला, आणि चौथ्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन थोर होतात. थुंकल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा. दहापर्यंत टिकली तर ठीक, तीसच्या पुढे गेली तर त्या ग्लासावर खूण करा.

मग थांबा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. अर्ध्या तासाने परत सहाही ग्लास, मग तासाने, मग दीड तासाने. चाळीस मिलीत चार-पाच छोटे घोट होतात, पुरवून वापरा. गेल्या वेळी पहिल्या फेरीत सगळ्यांची लाडकी होती तिचा दीड तासाने नुसता कोको उरला होता. आणि जिला कुणी विचारलं नव्हतं ती शेवटी पुढे आली. पिशव्या काढल्यावर ती निघाली माँटे बेलो. खरं तर नवल वाटायला नको होतं. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाइन-विक्रेत्याने कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइन झाकून लावल्या, तेव्हा स्टॅग्ज लीपची १९७३ पहिली आली, तीही तीन वर्षांच्या वेलींची. माँटे बेलो १९७१ पाचवी होती. आमच्या वाइन मुरल्या की बघा, असं फ्रेंचांचं म्हणणं पडलं. तीस वर्षांनी, २००६ला, लंडन आणि नापामध्ये त्याच लाल वाइन पुन्हा झाकून लावल्या. पहिली आली माँटे बेलो १९७१, पस्तीस वर्षांची.

नंबर लावणं

शंभरपैकी गुण देऊ नका. ते पन्नासपासून सुरू होतात आणि प्रत्यक्षात पंच्याऐंशी ते अठ्ठ्याण्णवच्या मध्येच फिरतात. डेव्हिसची वीस गुणांची पद्धत वाइनमधले दोष शोधायला चांगली, आवड सांगायला नाही. आम्ही फक्त क्रम लावतो, एक ते सहा, बरोबरी चालणार नाही. न बोलता. एकाने 'निलगिरी' म्हटलं की सात जणांना निलगिरी येते. क्रम लिहून झाल्यावर कागद उलटे, मग गप्पा. बेरीज करताना ज्याचे जुळे ग्लास दोनपेक्षा जास्त जागा लांब पडले, त्याचा कागद त्या दिवशी धरत नाही. यात नाती आड येऊ द्यायची नाहीत. माझ्या दिराचा कागद तीनदा बाद झाला आहे आणि तो अजूनही येतो.

पाकीट उघडण्याआधी प्रत्येकाने जुळे कुठले ते सांगायचं. त्यानंतरच पिशव्या.

जेवायला साधं मटण, तिखट बेताचं, आणि भाकरी. उरलेल्या बाटल्या तेव्हा उघड्या चेहऱ्याने पितो. प्रत्येकीत इंचभर सोडून बूच लावून ठेवते आणि रविवारी सकाळी अकराला एकटी पुन्हा चाखते, कारण रात्रभर हवेत राहूनही जी उभी आहे तिच्या आणखी बाटल्या ठेवायला हरकत नाही. गाळ कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. कढीपत्त्याने अजून तक्रार केलेली नाही.